कुंचा, कुंचला आणि मनवेलपाड्याची पाटी

‘मनवेलपाडा’ हा एकच शब्द पाटीवर रंगवायला दिला, तरी रंगवणाऱ्याचा हात किती तयार आहे ते कळते. म, न, व आणि प यांचे चार दंड आणि पुढचे दोन काने मिळून सहा उभ्या रेघा एकाच शिरोरेषेला लटकतात. त्यांच्यामध्ये मराठी वळणाचा ल येतो. त्याला दंड नाही, मधोमध आखूड देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. शेवटचा ड आखूड मानेवरून गोल वळतो आणि आपल्या कान्याशी किती अंतर ठेवायचे हे दर वेळी नव्याने ठरवायला लावतो. सहाही रेघांची जाडी सारखी हवी आणि त्यांच्यामधली पोकळी डोळ्यांना सारखी भासायला हवी. पट्टीने मोजून ती सारखी केली तर शब्द फाटल्यासारखा दिसतो. विरार पूर्वेच्या या दाट वस्तीत आज पाट्यांची अक्षरे बहुतेक संगणकातून येतात. त्यांत एका घराण्याच्या फॉन्टला फार मागणी आहे: कडा फाटलेल्या, आत पांढरे ओरखडे, जणू अर्धवट सुकलेला ब्रश घाईने ओढला आहे. गणेशोत्सवाचे फलक, दहीहंडीची जाहिरात, ढाब्याचे नाव, चित्रपटाचे शीर्षक अशा सगळ्या ठिकाणी हा खरखरीत ब्रश ‘हाताने काढलेले’, ‘अस्सल’, ‘आपल्या मातीतले’ या अर्थाने वापरला जातो. माझे म्हणणे असे की ही खरखर पाट्या रंगवणाऱ्यांच्या परंपरेकडून आपल्याला मिळालेली नाही. ती वेगळ्या घरून आली आहे. पेंटरांनी खरोखर मागे ठेवलेली गोष्ट अक्षराच्या सांगाड्यात आहे आणि खरखरीच्या नादात नेमकी तीच हातची जात आहे.

हत्यार अक्षरात काय ठेवून जाते, याचा सर्वांत जुना पुरावा शोधायला विरारहून फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. या लेखांतली ब्राह्मी एकसारख्या जाडीच्या साध्या रेघांची आहे. तिला शिरोरेषा नाही. पुढच्या काही शतकांत कोरीव अक्षरांच्या डोक्यावर बारीक जाड खूण दिसू लागते. शाईत बुडवलेला टाक पृष्ठभागावर टेकला की रेघेच्या सुरुवातीला शाई थोडी जास्त उतरते. त्या खुणेचे मूळ तिथे असावे, असे लिपितज्ज्ञ सांगतात. तीच खूण रुंद होत गेली आणि शेवटी शेजारच्या अक्षराच्या खुणेला मिळून नागरीची शिरोरेषा झाली. रोमन लिपीबद्दल जवळजवळ हाच विचार एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ मध्ये ‘द ओरिजिन ऑफ द सेरिफ’ या पुस्तकात मांडला. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाखालची अक्षरे छिन्नी लागण्याआधी चपट्या ब्रशने दगडावर रंगवली होती आणि त्यांच्या टोकांची वळणे त्या ब्रशच्या फिरकीतून आली, असे त्यांचे म्हणणे. कॅटिच धर्मगुरू होते, पण तरुणपणी शिकागोत त्यांनी पाट्या रंगवल्या होत्या, आणि दगडातला ब्रश त्यांना ओळखता आला तो त्या कामामुळेच. दोन्हीकडे कोरणाऱ्याने टाकाचा किंवा ब्रशचा कोन, टेकण्याची खूण, वळताना बदलणारी जाडी एवढे घेतले. शाईचा डाग, ओघळ आणि सुकत आलेल्या केसांचा ओरखडा त्याने सोडून दिला. अक्षराच्या इतिहासात ही निवड पुन्हा पुन्हा झालेली दिसते.

बोरूने लिहिलेल्या नागरीत हा कोन स्पष्ट दिसतो. देवनागरीसाठी बोरूचे टोक रोमन लिपीच्या टाकाच्या उलट बाजूला तिरपे कापतात, त्यामुळे रोमनमध्ये जी तिरपी रेघ बारीक येते ती नागरीत जाड येते. रोमन अक्षरांसाठी केलेला ब्रशचा फॉन्ट समोर ठेवून त्याच्या मापाने देवनागरी काढली की जाडी चुकीच्या जागी पडते, ती यामुळेच. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण अक्षर परके वाटते. शिवकालीन वातावरणासाठी खरखरीत ब्रशची देवनागरी वापरण्याची जी रीत पडली आहे, तिचाही इथेच विचार करावा. त्या काळातला दफ्तरी कारभार मोडीत चाले. मोडी लिहिताना पानभर ओळीची रेघ आधी ओढून घेत आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिच्याखाली धावत जात. शाई सलग उतरावी, लेखणी अडू नये, हा त्या लिपीचा जीवच. फाटक्या कडांच्या अक्षरांशी या कागदांचे नाते जोडायला काहीही आधार नाही. चित्रपटांच्या फलकांनी ती सवय आपल्या डोळ्यांना लावली, आणि आता तोच इतिहासाचा रंग वाटू लागला आहे.

छापखाना आल्यावर ब्रशचे काम संपायला हवे होते. युरोपात मोठ्या आकाराच्या लाकडी आणि धातूच्या खिळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच जाहिरातींच्या भिंती भरल्या. आपल्याकडे तसे घडले नाही, आणि मराठी पेंटरचा धंदा का टिकला याचे मुख्य कारण मला यात दिसते. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाप्रेसला हाताने लिहिलेलेच अक्षर लागते, म्हणजे सुरुवातीच्या मराठी छपाईतही लेखकाचा हात होताच. पुढे जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू झाला आणि राणू रावजी आरूंच्या हाताखालून निघालेल्या ठशांनी देवनागरी मजकुराला असे देखणेपण दिले की ते वळण अनेक पिढ्या डोळ्यांत राहिले. पण ते वाचायच्या आकाराचे खिळे होते. रोमन लिपीत मोठ्या आकाराचा साचा करायचा तर सव्वीस अक्षरे, फार तर दोन प्रकारची, आणि थोडे आकडे पुरतात. देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून जुळाऱ्यासमोरच्या खणांत शेकडो खिळे लागत. तेवढे सगळे तीन-चार इंच उंचीचे ओतायचे म्हणजे शिसे, जागा आणि पैसा यांचा न परवडणारा हिशेब. म्हणून पुस्तकाचा मजकूर खिळ्यांनी जुळवला तरी मुखपृष्ठावरचे नाव, मासिकाचे शीर्षक, नाटकाची जाहिरात आणि दुकानाची पाटी हाताकडेच राहिली. दीनानाथ दलालांनी आणि रघुवीर मुळगावकरांनी मुखपृष्ठे रंगवली ती याच काळात. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) वृत्तपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींना ‘मत्स्यगंधा’सारख्या शीर्षकांनी एकेक स्वतंत्र चेहरा दिला, तेव्हाही मागे हीच गरज होती. तयार अक्षर नव्हते, म्हणून प्रत्येक शब्दासाठी नवे अक्षर घडले. मराठी शीर्षकांत जी विविधता आहे ती या उणिवेची देणगी आहे, असे मी मानतो.

मुखपृष्ठाचा चित्रकार आणि नाक्यावरचा पेंटर यांच्यात प्रतिष्ठेचे अंतर होते, कामाचे फारसे नव्हते. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना लोक बाबूराव पेंटर म्हणत आणि ते नाव त्यांनी अभिमानाने लावले. नाटकाचे पडदे रंगवणारा हा माणूस १९२० मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपट करतो, स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर्सही रंगवतो. गावोगावच्या पाट्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘अमुक पेंटर’ अशी सही दिसे, ती याच मानाच्या परंपरेतली. या धंद्याची रीत साधी आणि कडक होती. पत्र्याला किंवा फळीला आधी अस्तराचा हात, मग जमिनीचा रंग, तो सुकला की खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, म्हणजे शिरोरेषेची आणि तळाची रेघ उमटते. त्या दोन रेघांत खडूने शब्दाचा सांगाडा बसवायचा, मागे सरून पाहायचे, पोकळ्या जुळवायच्या, मग एनॅमलमध्ये बेताने टर्पेंटाइन घालून मऊ लांब केसांच्या चपट्या ब्रशने अक्षर ओढायचे. रंग दाट राहिला तर ब्रश अडतो आणि कडा दातेरी होतात. पातळ झाला तर ओघळ येतो. हात थरथरू नये म्हणून मनगटाखाली काठीचा टेकू. कड साफ आली नाही तर जमिनीचा रंग घेऊन ती बाहेरून कापायची. थोडक्यात, आज फॉन्टमध्ये मुद्दाम घातलेली प्रत्येक गोष्ट, दातेरी कड, कोरडा ओरखडा, विरळ शेवट, त्या धंद्यात नवशिक्याची चूक होती. उमेदवारीतला मुलगा वर्षानुवर्षे झटायचा तो हे सगळे जावे म्हणून.

याचा मोठा सार्वजनिक पुरावा पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर होता. विरार ते मुंबई पहिली लोकल गाडी १८६७ मध्ये धावली आणि तेव्हापासून या गावाला जगाशी जोडणारा पहिला शब्द म्हणजे स्टेशनाची पाटी. हाताने रंगवलेल्या त्या पिवळ्या पाट्यांवरची काळी देवनागरी धावत्या डब्यातून एका नजरेत वाचता यावी लागे. ठसठशीत जाडी, दंडांची तिरपी कापलेली टोके, घट्ट शिरोरेषा, आणि ओरखड्याचे नाव नाही. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या या रंगीत पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ हा फॉन्ट केला. तो ब्रशमधून आलेला फॉन्ट आहे, पण त्यात खरखर नाही. पेंटरने दंडाचे टोक कसे कापले ते त्यात आहे. इतकेच नव्हे, एरवी रोमनचा साचा देवनागरीवर लादला जातो, इथे त्यांनी देवनागरी दंडांचे वळण रोमन अक्षरांना दिले. परंपरेतून नेमके काय उचलायचे, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत चोख उदाहरण.

मग खरखर आली कुठून? तिचे एक घर छापखान्यातच आहे. वृत्तपत्राच्या जाहिरातीसाठी जस्ताचा लाइन ब्लॉक करत, आणि त्याला काळे आणि पांढरे एवढेच कळे. मधला करडा रंग हवा असेल तर जाळीचा वेगळा, महागडा ब्लॉक. जवळजवळ सुकलेला ब्रश खडबडीत कागदावर ओढला की कागदाच्या उंचवट्यांवर काळे बसते आणि खळग्यांत पांढरे राहते. दुरून पाहिले तर करडे, ब्लॉकच्या दृष्टीने निव्वळ काळे-पांढरे. एका स्तंभाच्या जागेत वादळ, भय, वेड सुचवायचे तर ही युक्ती सोन्यासारखी होती. दुसरे घर सिनेमाच्या पोस्टरांचे. दिवाकर करकरे यांच्या सत्तरच्या दशकातल्या पोस्टरांत, ‘दीवार’च्या काळात, रंगाचे जाड थर सुरीने ओढलेले दिसतात, आणि चिडलेल्या नायकाच्या चेहऱ्याला शोभेल असा खडबडीतपणा अक्षरांतही उतरला. दोन्ही ठिकाणी खरखर एका शब्दासाठी, एका भावनेसाठी, जाणूनबुजून योजलेली होती. तिच्या शेजारी गुळगुळीत अक्षर होते म्हणून ती बोलत होती.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो वजनदार आहे. भिंतीवरच्या घोषणांचे काय? संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनापासून दलित पँथरपर्यंत आणि गिरणी संपापासून प्रत्येक निवडणुकीपर्यंत भिंती बोलल्या त्या गेरू, चुना आणि डांबराने, आणि ती अक्षरे खडबडीत होती. हीसुद्धा परंपराच, आणि पाटीवाल्यांच्या परंपरेपेक्षा जास्त लोकांची. हे मी मान्य करतो. मराठीने या दोन हत्यारांना दोन शब्द दिले आहेत: चुना मारायचा तो कुंचा, चित्र काढायचे तो कुंचला. घोषणा कुंच्याची, पाटी कुंचल्याची. पण घोषणेचे अक्षर जवळून पाहिले तर तिथली खरखर भिंतीच्या गिलाव्याची आहे. लिहिणाऱ्याला ती हवी होती असे नाही. वेळ मिळाला, पोलीस आला नाही, रंग पुरला, तर तोच हात दुसऱ्यांदा फिरवून अक्षर भरून काढी, कारण घोषणा रस्त्यापलीकडून वाचली जावी ही त्याची निकड होती. शिवाय त्या खडबडीतपणाला प्रसंगाचा आधार होता. रात्रीच्या घाईची ती खूण होती. ती खूण घेऊन सहकारी पतपेढीची किंवा चष्म्याच्या दुकानाची पाटी केली की घाई कुणाची आणि कशासाठी, हे अक्षर सांगू शकत नाही.

देवनागरीत खरखरीत फॉन्ट करणे मुळातच अवघड का, हे इथे सांगायला हवे. रोमन अक्षरे सुटी उभी असतात; प्रत्येकाचा ओरखडा त्याच्यापुरता. आपल्याकडे सगळा शब्द एका शिरोरेषेवर चालतो. माणूस ती रेघ ओढतो तेव्हा ब्रश डावीकडे रंगाने भरलेला असतो आणि उजवीकडे जाताना सुकत जातो, म्हणून ओरखडा शब्दाच्या शेवटी वाढतो. फॉन्टमध्ये शिरोरेषा अक्षरागणिक तुकड्यांची असते. मचा तुकडा भरलेला सुरू होतो आणि सुकत संपतो, नचा पुन्हा भरलेला, वचा पुन्हा, आणि शब्दभर सांधे दिसतात. दोन काने असतील तर दोघांवर तंतोतंत एकच ओरखडा, एकाच उंचीवर. ‘मनवेलपाडा’त पा आणि डा लागोपाठ येतात, म्हणजे ही नक्कल लपायला जागाच नाही. फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफाँ यांनी १९५३ मध्ये ‘मिस्त्राल’ काढला, तेव्हा एका अक्षराची शेपटी पुढच्यात मिसळावी म्हणून जोडांवर अपार मेहनत घेतली, आणि तेही रोमनच्या थोड्या अक्षरांसाठी. देवनागरीत पाचशेच्या वर आकृत्या, प्रत्येक काना-मात्रेची तीन-चार पर्यायी रूपे आणि ती आळीपाळीने आणणारी आज्ञावली एवढे करावे तेव्हा खरखर खरी वाटते. ते झाले तर मी त्या फॉन्टचे स्वागत करीन. एरवी तो मोठ्या आकारात, एका-दोन शब्दांसाठी, सपाट जमिनीवर वापरावा. मजकुराला, रबरी शिक्क्याला किंवा ॲक्रिलिकच्या कापीव अक्षरांना लावू नये, कारण बारीक ओरखडे तिथे एकतर बुजतात नाहीतर कापताच येत नाहीत.

दुसरा आक्षेप पैशाचा. वस्तीतल्या छोट्या दुकानदाराला रातोरात पाटी हवी असते, फ्लेक्सवाला ती देतो, आणि संगणकातल्या अक्षराने त्याची सोय झाली आहे. मग पेंटरांच्या आठवणीने कुणाचे भले? पेंटरने परत यावे असे माझे म्हणणेच नाही. फ्लेक्सवर येणारे अक्षर त्याच्या शहाणपणाचे असावे, एवढे आहे. आणि स्वस्ताईचा हिशेब लांबून पाहिला तर तो वाटतो तितका सरळ नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, आणि विरारसह वसई तालुक्यातल्या असंख्य पाट्यांवरचे ‘जि. ठाणे’ एका दिवसात जुने झाले. रंगवलेल्या पाटीवर एक शब्द पुसून दुसरा लिहिता येतो. फ्लेक्स आख्खा बदलावा लागतो. पुढे दुकानांविषयीच्या राज्याच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असा दंडक आला, आणि २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मराठी अक्षरांची मागणी क्वचितच निर्माण झाली असेल. कायद्याने आकार पाहिला. वळण पाहायला तिथे कुणी नव्हते. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरे घेऊन त्यांच्याच नावाने फॉन्ट केले, तसे काम मराठी पेंटरांबरोबर त्यांच्या हयातीतच मोठ्या प्रमाणावर झाले असते, तर या लाटेला द्यायला आपल्याकडे काहीतरी तयार असते.

वळणाचा प्रश्न किती नेमका आहे हे पुन्हा ‘मनवेलपाडा’ याच शब्दात दिसते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरला. पण बाजारातले बरेचसे ब्रश फॉन्ट हिंदीचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, त्यांच्यात दंडाचा ल येतो. तो लावला की ‘मनवेलपाडा’त सहाच्या सात उभ्या रेघा होतात, मधला मोकळा श्वास जातो आणि शब्द कुंपणासारखा दिसू लागतो. त्या कुंपणावर कितीही ओरखडे मारले तरी ते मराठी होत नाही. पाटी रंगवणारा माणूस खडूने सांगाडा बसवताना पाकळ्यांची जागा आधी धरत असे, कारण दंडांच्या रांगेत ल हीच एक जागा होती जिथे ब्रशला दोन्ही बाजूंनी वळता येई.